कारणाचा रकाना

ती किल्ली पुरावेसाहेबांनी स्वतः हात पुढे करून घेतली, हे आरंभीच सांगून ठेवलेले बरे. पुढे जे काही झाले त्याचा दोष त्यांनी प्रथम मोठ्या साहेबांना, मग टंकलेखिका बाईंना आणि अखेरीस नोंदवह्या बांधणाऱ्या कारखान्याला देऊन पाहिला. परंतु ती किल्ली कोणी त्यांच्या खिशात चोरून टाकलेली नव्हती. अशा गोष्टीला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आणि हात त्यांचाच होता.

पुरावे हे त्यांचे आडनाव नव्हे. शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात ते एकतीस वर्षे जमिनीखालच्या नळांचे नकाशे सांभाळत होते, आणि या एकतीस वर्षांत कोणी काहीही सांगितले, तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "पुरावा?" बाहेर पाऊस पडतो आहे असे सांगत कोणी आत आला, तर ते आधी त्याच्या छत्रीकडे पाहत. हे नाव प्रथम त्यांच्या पाठीमागे घेतले जाई, मग तोंडावर घेतले जाऊ लागले, आणि एका लग्नपत्रिकेवर ते हाताने लिहून आले तेव्हा त्यांनी ती पत्रिका तक्रार न करता फाइल केली. (लेखी पुरावा होता.)

देवाच्या बाबतीतही त्यांचे म्हणणे याहून निराळे नव्हते. ते कोणाशी वाद घालत नसत, कोणाची थट्टा करत नसत. प्रकरण त्यांनी विशीतच पुराव्याअभावी निकाली काढले होते, आणि निकाली निघालेली फाइल पुन्हा उघडायची नाही, हा कार्यालयाचा शिरस्ताच होता. अडचण एवढीच होती की, बाकीचे जग त्या निकालाची दखल घेत नसे. बसचा कंडक्टर म्हणे, "देवाच्या कृपेनं आज गाडी वेळेवर आहे." साहेब विचारत, "आणि काल?" डॉक्टर म्हणत, "औषध देणं माझ्या हाती, गुण देणारा तो." साहेब म्हणत, "मग चिठ्ठीवर सही दोघांची हवी." कार्यालयाची मोटार चालवणारा ड्रायव्हर गाडी सुरू करण्यापूर्वी डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत असे.

"ब्रेक तपासलेत का?" साहेब मागच्या सीटवरून विचारत.

"त्याच्यावर सोडलंय, साहेब."

"त्याच्याकडे लायसन आहे?"

एकदा त्यांना न्यायालयात साक्ष द्यावी लागली. ईश्वराची शपथ घेण्यास त्यांनी सभ्यपणे नकार दिला आणि कायद्यात अशा माणसांसाठी प्रतिज्ञेचा जो निराळा मजकूर आहे, तो मागितला. तो मजकूर कोणाला पाठ नव्हता. तो छापलेला कागद शोधण्यात चाळीस मिनिटे गेली, आणि त्या चाळीस मिनिटांत कारकून, दोन्ही वकील, पट्टेवाला आणि खुद्द आरोपी, अशा सर्वांनी तो लवकर सापडावा म्हणून देवाचा धावा केला. एका माणसाच्या नास्तिकतेमुळे एवढी प्रार्थना त्या इमारतीत पूर्वी कधी झाली नसेल. कागद सापडल्यावर न्यायाधीश म्हणाले, "मिळाला एकदाचा, देवाची कृपा!" साहेबांनी ते वाक्य कामकाजातून वगळण्याची विनंती केली होती, परंतु ती मान्य झाली नाही.

घरी त्यांच्या पत्नी रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत पाव तास डोळे मिटून बसत. चौतीस वर्षांच्या संसारात साहेबांनी त्यांना याबद्दल एकदाही टोकले नव्हते. त्या पाव तासात ते वर्तमानपत्र जरा कमी फडफडवीत. आपल्या उदारमतवादाचा हा पुरेसा पुरावा आहे, असे त्यांचे मत होते.

तर असे हे गृहस्थ. त्यांच्या ताब्यातली दहा बाय बाराची खोली एके दिवशी वरून आलेल्या आदेशाने काढून घेण्यात आली आणि तिथे कर्मचाऱ्यांसाठी 'शांत प्रार्थनाकक्ष' उघडण्यात आला. कोणत्याही धर्माच्या माणसाने यावे, घटकाभर शांत बसावे, कामावर परत जावे, अशी ती योजना होती. योजना चांगली होती. फक्त त्या खोलीत पत्र्याच्या चारशे बारा नळकांड्यांतून चारशे बारा नकाशे राहत होते, ते बाहेरच्या बोळात आले. पहिल्याच आठवड्यात एका नळकांड्यात कोणीतरी ओली छत्री उभी केली. त्या नळकांड्यात शहराच्या पूर्व भागाची मुख्य जलवाहिनी होती. दुसऱ्यावर कोणी जेवणाचा डबा ठेवला, आणि तेलाचा एक डाग थेट जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचला.

साहेबांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. नकाशे जसे ताब्यात घेतले तसे, जिथे होते तिथे, क्रमाने लावून मगच घरी जायचे, एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यात बाळगली होती. आणि ती पुरी करण्यासाठी कोणाकडे मागणे मागण्याची त्यांना सोय नव्हती. ते मोठ्या साहेबांकडे गेले.

मोठे साहेब म्हणजे कार्यालयाचे मुख्य अभियंता. ते कोणालाही दुखवू इच्छित नसत, आणि म्हणून कोणताही निर्णय तीस दिवसांच्या आत घेत नसत.

"हे बघा," ते म्हणाले, "खोली सध्या प्रायोगिक आहे. महिन्याभरात शंभर नोंदी झाल्या, तर ती कायम. नाही झाल्या, तर तुमची खोली तुम्हाला परत. लेखी देतो. पण नोंदवही आणि किल्ली ठेवायची कोणाकडे? ह्यांच्याकडे दिली की ते रुसतात, त्यांच्याकडे दिली की हे रुसतात. गेले चार दिवस खोलीला कुलूप आहे आणि सगळे बोळात उभे राहून भांडतायत."

"मग?"

"मग तुम्ही. तुम्ही कोणाचेच नाही."

"अर्थात."

"म्हणजे सगळ्यांचेच झालात की!"

या युक्तिवादात कुठेतरी खोट आहे, हे साहेबांना जाणवले. परंतु त्याच क्षणी त्यांना दुसरेही काही जाणवले. नोंदवही आपल्याकडे असली, तर नोंदी खऱ्या होतील. खऱ्या झाल्या, तर शंभर होणार नाहीत. माणसे देवाचे नाव दिवसाला शंभर वेळा घेतात. पण खुर्चीत पाच मिनिटे गप्प बसायला सांगितले की, त्यांना एकदम कामे आठवतात, हे त्यांनी एकतीस वर्षे पाहिले होते. त्यांनी हात पुढे केला.

संध्याकाळी घरी त्यांनी हे सर्व पत्नीला सांगितले, तेव्हा ते कधी नव्हे इतके खुशीत होते.

"शंभर भरायचे नाहीत," ते म्हणाले. "साठ म्हणजे डोक्यावरून पाणी."

"आणि भरले तर?"

"भरले तर उद्यापासून, म्हणजे त्या दिवसापासून, रोज संध्याकाळी पाव तास तुझ्या शेजारी डोळे मिटून बसेन."

"रोज?"

"रोज."

"लिहून द्या," पत्नी म्हणाल्या. चौतीस वर्षांत माणूस काहीतरी शिकतोच. साहेबांनी लिहून दिले, खाली सही केली, तारीख घातली. पत्नींनी तो कागद कपाटात, तळाशी अंथरलेल्या कागदाखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टंकलेखिका बाईंना समोर बसवून नियम सांगायला घेतले. या बाई अतिशय भाविक आणि अतिशय नेटक्या. अहवाल टंकण्यापूर्वी त्या क्षणभर डोळे मिटत, आणि त्यांच्या टंकनात चूक सापडत नसे. (या दोन गोष्टींचा परस्परसंबंध आहे असे बाईंचे म्हणणे, नाही असे साहेबांचे. दोघांपैकी कोणालाही चूक मात्र सापडली नव्हती.)

"नियम पहिला. खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने नाव, वेळ आणि सही, अशी नोंद करावी. मग ती व्यक्ती कोणीही असो."

"प्रत्येक वेळी, साहेब?"

"प्रत्येक वेळी."

"झाडायला येणाऱ्या मावशी?"

"त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून लांब दांड्याच्या झाडूनं झाडावं. आत पाऊल टाकलं तर सही."

"आणि तुम्ही?"

"मी काय आकाशातून पडलोय? नियम म्हणजे नियम."

बाईंनी ते टंकले. मग त्या जराशा घुटमळल्या. "साहेब, मला वाटतं, एक रकाना आणखी असावा. येण्याचं कारण. कोणी प्रार्थनेला आलं, कोणी नुसतं बसायला आलं, कोणी आणखी कशाला आलं, तर कळेल."

"कसं कळेल?" साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "एखाद्यानं लिहिलं 'प्रार्थना', आणि आत बसून तो घरच्या भांडणाचा विचार करत राहिला, तर तपासणार कोण? ज्याचा पुरावा देता येत नाही, असा रकाना माझ्या दप्तरात नको. माणूस आत आला, एवढं सिद्ध होतं. कशाला आला, हे सिद्ध होत नाही. खोडा तो."

बाईंनी तो खोडला. नेटक्या असल्यामुळे त्यांनी 'कारणाचा रकाना पुरावेसाहेबांच्या सूचनेवरून वगळला' असे एक टिपणही सोबत जोडले. साहेबांनी त्यावर आनंदाने सही केली, आणि संध्याकाळी हा प्रसंग पत्नीलाही साभिनय सांगितला.

काम सुरू झाले. साहेब सकाळी सर्वांच्या आधी येत, खोली उघडत, खिडकी उघडत, वहीत सही करत. अकराच्या सुमारास जाऊन खुर्च्या सरळ करत. रांगेतून बाहेर आलेली खुर्ची त्यांना पाहवत नसे. जेवणानंतर खिडकीखालच्या भिंतीवर ओलीचा जो एक जुना डाग होता, तो किती सरकला, हे पेन्सिलीने खूण करून पाहत. खोली परत ताब्यात आली की, नकाशे त्याच भिंतीला लागायचे होते. संध्याकाळी खिडकी लावत, कुलूप घालत. प्रत्येक वेळी सही, प्रत्येक वेळी वेळ. त्यांचे अक्षर वळणदार होते आणि त्या वहीत ते उठून दिसे.

इतरांच्या बाबतीत तर ते तसूभरही ढिले पडत नसत. एकदा ड्रायव्हर घाईघाईने आत गेला आणि लगेच बाहेर आला.

"सही."

"साहेब, मी चष्मा विसरलो होतो, तो घ्यायला गेलो."

"पाऊल टाकलंत ना?"

"टाकलं."

"मग सही."

"अहो, पण मी प्रार्थना नाही केली!"

"ते मी कुठं विचारलं?"

ड्रायव्हरने सही केली. मग पेन परत देताना तो मिश्कीलपणे म्हणाला, "काय हो साहेब, सही केली की वरपर्यंत पोचते का?"

"प्रार्थनेचं मला माहीत नाही," साहेब म्हणाले. "सही पोचते."

घरी ते रोज हिशेब देत, कारण खिशातल्या डायरीत ते भाविकांची संख्या निराळी टिपत असत. "आज दोन," ते म्हणत. "आज तीन, त्यातला एक चष्म्याचा. दहा दिवसांत तेवीस!" पत्नी म्हणत, "हो का?" आणि पाव तास बसायला जात. साहेब वर्तमानपत्र जरा जास्त फडफडवीत.

विसाव्या दिवशी, ऐन दुपारी, बाजाराच्या तोंडाशी जुनी जलवाहिनी फुटली. रस्त्यावर गुडघाभर पाणी झाले. दुकानांत पाणी शिरू लागले. पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह रस्त्याखाली कुठेतरी होता. पण वरून तीन वेळा डांबर पडल्यामुळे तो नेमका कुठे आहे, हे कोणाला सांगता येईना. साहेबांनी बोळातून नेमके नळकांडे उचलले (छत्रीवालेच), नकाशा बाहेर काढला. तो निघाला सात फूट लांब. टेबलावर मावेना. बोळात अंथरावा, तर माणसांची धावपळ. सबंध इमारतीत सात फूट मोकळी, कोरडी, स्वच्छ जमीन एकाच ठिकाणी होती, आणि तिची किल्ली त्यांच्याच खिशात होती.

बाजार वाहून जात होता, तरी त्यांनी आधी सही केली आणि वेळ घातली. मग नकाशा मळू नये म्हणून बूट काढले, खुर्च्या दाराकडे सरकवल्या, नकाशा पसरला, आणि भिंगाने तो पाहण्यासाठी गुडघे टेकून इतके वाकले की, नाक कागदाला लागले.

नेमकी हीच वेळ बाईंची रोजची प्रार्थनेची. त्या दार ढकलून उभ्या राहिल्या. मागोमाग ड्रायव्हर आला. तो साहेबांना घटनास्थळी न्यायला आला होता. खुर्च्यांच्या आड जमिनीवर काय आहे, हे दोघांना दिसत नव्हते. त्यांना दिसले ते एवढेच : पुरावेसाहेबांचे दोन मोजे, त्यांची वाकलेली पाठ, जमिनीला टेकलेले डोके. आणि ऐकू आला त्यांचा काकुळतीचा आवाज :

"कुठं आहेस? आहेस तू, हे मला ठाऊक आहे. तू नसतास, तर इतकी वर्षं हे चाललंच नसतं. आता अंत नको पाहूस. माणसं बुडतायत तिकडे. दिस बाबा एकदाचा!"

ड्रायव्हरने टोपी काढली. बाईंनी आवाज न होऊ देता दार ओढून घेतले आणि दोघे बोळात, नळकांड्यांच्या शेजारी, मान खाली घालून उभे राहिले. आतून एकदम हुंदका दाबल्यासारखा उद्गार आला, "सापडलास!" आणि लागलीच साहेब बूट हातात घेऊन बाहेर आले. गुडघ्यांवर धूळ, कपाळावर शाईचा ठिपका, चेहऱ्यावर अपूर्व समाधान.

"सापडला, साहेब?" बाईंनी हलकेच विचारले.

"सापडला. इतकी वर्षं तिथंच होता. आपणच नीट पाहिलं नव्हतं."

"असंच असतं, साहेब."

"वरवर बघून काही दिसत नाही, बाई. गुडघे टेकावे लागतात."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. ड्रायव्हरने गाडीचे दार उघडून धरले, आणि त्या दिवशी सुरू करण्यापूर्वी पुटपुटला नाही. आपल्या पुटपुटण्याहून थोर प्रार्थना नुकतीच होऊन गेली आहे, तिच्यावर ही कशाला, असे त्याला वाटले. अर्ध्या तासात व्हॉल्व्ह बंद झाला. बाजारातले दुकानदार म्हणाले, "देव पावला." साहेब म्हणाले, "नकाशा पावला." ड्रायव्हर दुकानदारांकडे पाहून समजूतदारपणे हसला. नवीन माणसाला संकोच हा वाटणारच!

त्यानंतरच्या दिवसांत साहेबांना कार्यालयाच्या वागणुकीत काही फरक जाणवला. पण कारण उमगेना. त्यांच्याशी बोलताना लोक आवाज खाली आणू लागले. "पुरावा?" असे त्यांनी विचारले की, पूर्वी लोक वैतागत, आता मायेने पाहत. लेखापाल तर एकदा म्हणाले, "उशिरा आलेलाच खरा येतो." साहेबांना वाटले, ते बसबद्दल बोलत आहेत.

महिना संपला. कामाचे सव्वीस दिवस झाले. साहेबांनी डायरीतली बेरीज तीनदा करून पाहिली : अठ्ठावन्न. बाई सव्वीस, ड्रायव्हर अकरा, बाकी सारे मिळून एकवीस. त्यांनी वही मोठ्या साहेबांकडे पाठवली. वहीतल्या नोंदींची बेरीज करणे हे मोठ्या साहेबांच्या कचेरीचे काम होते, आणि दुसऱ्याच्या कामात हात घालण्याचा पुरावेसाहेबांचा स्वभाव नव्हता. त्याऐवजी त्यांनी सुतार बोलावून भिंतीला लावायच्या फळ्यांची मापे घेतली.

दुपारी बोलावणे आले. मोठे साहेब उभे राहून त्यांचे स्वागत करते झाले. हे एकतीस वर्षांत प्रथमच घडत होते.

"अभिनंदन! शंभर हव्या होत्या. एकशे त्रेसष्ट झाल्या."

"अशक्य आहे," साहेब म्हणाले. "पुरावा?"

मोठ्या साहेबांनी वही फिरवून त्यांच्यासमोर ठेवली. प्रत्येक पानावर, दिवसातून चार वेळा, उठून दिसणाऱ्या वळणदार अक्षरात एकच नाव होते. फुटलेल्या जलवाहिनीच्या दिवशी पाच वेळा होते.

"अठ्ठावन्न इतरांच्या," मोठे साहेब म्हणाले, "आणि एकशे पाच तुमच्या. म्हणजे बाकी कोणी फिरकलंच नसतं, तरी खोली कायम झालीच असती. मला तर फार भरून आलं."

पुरावेसाहेब वहीकडे पाहतच राहिले. बसचा कंडक्टर स्वतःला कधी प्रवाशांत मोजत नाही, तसे त्यांनी स्वतःला कधी मोजले नव्हते.

"साहेब, मी खिडकी उघडायला जात होतो!"

"हो, हो."

"खुर्च्या सरळ करायला. ओल पाहायला!"

"असेल. पण तसं कुठं लिहिलेलं नाही. कारणाचा रकाना नाही ना."

"तो मी..."

"तुम्हीच वगळायला सांगितलात. टिपण जोडलंय, तुमची सही आहे."

"पण मी सांगतोय ना, की मी प्रार्थना केली नाही!"

"तुम्ही सांगताय," मोठे साहेब मऊ आवाजात म्हणाले. "पण पुरावा?"

साहेबांनी वही ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून पुन्हा चाळायला सुरुवात केली.

"उलट बाजूनं मात्र प्रत्यक्षदर्शी दोन आहेत," मोठे साहेब पुढे म्हणाले. "गुडघे टेकून होतात म्हणे. लाजू नका हो! ह्या वयात होतं असं. माझ्या सासऱ्यांचंही झालं."

प्रत्यक्षदर्शी दोघे दाराशीच उभे होते. व्हॉल्व्हची हकीकत साहेबांनी त्यांना पहिल्यापासून समजावून सांगितली. नकाशाही उलगडून दाखवला. ड्रायव्हरने मान डोलवत सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "तसंच सांगू, साहेब, सगळ्यांना. तुम्ही निश्चिंत राहा."

बाई मात्र नकाशाकडे पाहत होत्या. छत्रीच्या पाण्याने त्याचा एक कोपरा फुगला होता.

"मोठे साहेब," त्या म्हणाल्या, "खोली कायम झाली, ते चांगलंच झालं. पण एक विचारू? फळ्यांची मापं घेतलीच आहेत. कोरड्या भिंतीला लावून टाका की यांचे नकाशे. आम्हाला मधे सहा खुर्च्या पुरतात. आमच्या प्रार्थनेला नकाशांची अडचण नाही, आणि नकाशांना प्रार्थनेची नसावी."

मोठ्या साहेबांनी तो निर्णय त्याच मिनिटाला घेतला. त्यांच्या कारकिर्दीतला तो तेवढाच निर्णय, ज्याला तीस दिवस लागले नाहीत. आठवड्याभरात चारशे बारा नळकांडी क्रमाने आत गेली. पुरावेसाहेबांनी शेवटचे नळकांडे जागेवर ठेवले, दोन पावले मागे येऊन पाहिले, आणि बाईंना म्हणाले, "आभारी आहे." हा शब्द त्यांच्या तोंडून पुराव्याची मागणी न करता प्रथमच निघाला. आता नकाशा हवा असलेल्या प्रत्येक अभियंत्याला त्या खोलीत पाऊल टाकावे लागते आणि नियमाप्रमाणे सहीही करावी लागते, त्यामुळे पुढच्या महिन्याच्या नोंदी तीनशेच्या वर गेल्या. वरून प्रशस्तिपत्रक आले. पण ते पुढचे.

निकालाच्या त्या संध्याकाळी साहेब घरी आले, तेव्हा खिडकीजवळ वेताच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची आधीच मांडून ठेवलेली होती. तिच्यावर तो कागद होता. बातमी ड्रायव्हरने फोनवर कळवली होती.

"अगं, त्यातल्या एकशे पाच माझ्याच..."

"कळलं मला. बसा."

साहेब बसले. शब्द दिला होता, आणि तोही लेखी.

"डोळे मिटा."

"मिटले. आता काय करायचं?"

"काही नाही. गप्प बसायचं."

"एवढंच?"

"एवढंच जमतंय का बघा आधी."

साहेबांनी गप्प बसून पाहिले. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. सवयीने ते थेंब मोजू लागले. वॉशर बदलायला हवा, असा त्यांनी निष्कर्ष काढला. मग चारशे बारा नळकांडी एकामागून एक डोळ्यांसमोर येऊ लागली, कोरडी, स्वच्छ, क्रमाने. आणि एकशे सातव्याच्या आसपास सारे निवांत झाले.

कोणीतरी खांदा हलवला. खिडकीबाहेर पुरता अंधार पडला होता.

"उठा आता," पत्नी म्हणाल्या. "सव्वा तास झाला. चौतीस वर्षांत मी पाव तासाच्या वर कधी बसले नाही. पहिल्याच दिवशी तुम्ही सव्वा तास!"

पत्नींच्या मांडीवर एक नवी कोरी वही होती. पहिल्या पानावर पट्टीने रकाने आखलेले होते : नाव, वेळ, सही.

"अगं, पण मला झोप लागली होती!" साहेब कळवळून म्हणाले.

"लागली असेल," पत्नी म्हणाल्या आणि पेनचे टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिले. "पण कारणाचा रकाना कुठाय?"

साहेबांनी वहीकडे पाहिले. रकाने सरळ होते, समास सोडलेला होता. चूक काढायला जागा नव्हती. त्यांनी वळणदार अक्षरात नाव लिहिले, सही केली, घड्याळात पाहून वेळ घातली, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने शाई वाळावी म्हणून तिच्यावर हलकेच फुंकर मारली.